परकायाप्रवेश एका रुपयात

हिऱ्यांच्या पेढीचा एकुलता एक वारस आणि त्याच पेढीत फरशी पुसणारी मुलगी. भर पावसात जिन्याच्या पायरीवर दोघांची टक्कर होते, वीज कडाडते आणि डोळे उघडतात तेव्हा तो तिच्या देहात असतो, ती त्याच्या. मोबाईलच्या उभ्या पडद्यावर इथवर पोहोचायला दीड मिनिट लागते. दुसऱ्या भागात तो तिच्या गालावर मुकादमाची थप्पड खातो. पाचव्या भागात ती त्याच्या आवाजात त्याच्याच काकाला पेढीबाहेर काढते. नवव्या भागात तिच्या देहातला तो स्वतःच्याच साखरपुड्यात पाहुण्यांना सरबत देत उभा असतो. नियोजित वधू त्याच्याकडे रोखून पाहते, काही बोलण्यासाठी तोंड उघडते आणि चित्र थांबते. पुढे काय, हे हवे असेल तर एक रुपया.

हे कोणा एका मालिकेचे कथानक नाही. हा साचा आहे, आणि नावे, गावे, धंदे बदलून तो कितीही वेळा ओतता येतो. मायक्रोड्रामा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात साठ ते शंभर भाग असतात, प्रत्येक भाग मिनिट-दीड मिनिटाचा. चित्रीकरण बहुधा आठवडाभरात उरकते. पहिले काही भाग फुकट, नंतर कुलूप. श्रीमंताने गरिबाचे सोंग घेणे, पुनर्जन्म, सूड आणि देहांची अदलाबदल हे त्याचे ठरलेले विषय. त्यांतील देहांची अदलाबदल हा विषय मुद्दाम वेगळा काढून पाहण्याजोगा आहे, कारण तो आपल्याला अजिबात परका नाही. परकायाप्रवेश हा शब्दच आपल्या भाषेने केव्हाचा सांभाळून ठेवला आहे.

या धंद्याचे मूळ चीनमध्ये. तेथील या मालिकांची २०२४ सालची उलाढाल ५० अब्ज युआनच्या वर गेली आणि त्या वर्षीच्या चित्रपटगृहांच्या एकूण तिकीटविक्रीला, म्हणजे सुमारे ४२.५ अब्ज युआनला, तिने मागे टाकले. त्या वर्षअखेरीस प्रेक्षकसंख्या ६६ कोटींवर होती. अमेरिकेत याच कल्पनेवर ‘क्विबी’ नावाची कंपनी पावणेदोन अब्ज डॉलर उभे करून एप्रिल २०२०मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद पडली. तिने नामवंत कलावंत घेतले, खर्चिक निर्मिती केली. चिनी निर्मात्यांनी नेमके उलटे केले. त्यांनी नट स्वस्त ठेवले, पटकथा धावती ठेवली आणि सारे कौशल्य भागाच्या शेवटच्या तीन सेकंदांवर खर्चले. भारतात आता कुकू, एमएक्स प्लेयर, झी यांच्यासारख्या लहानमोठ्या कंपन्या याच वाटेने निघाल्या आहेत. मुख्य पैसा आज हिंदीत आहे.

या मालिकांचा प्रेक्षक समजून घ्यायचा तर मुंबईपेक्षा सुरतेकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. हे शहर बाहेरून आलेल्यांच्या बळावर चालते. हिऱ्यांच्या कारखान्यांत घंटीभोवती बसणारे रत्नकलाकार प्रामुख्याने सौराष्ट्रातले, यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले हजारो तरुण, आणि रंगाईच्या गिरण्यांपासून कापडबाजारातील हमालीपर्यंत सर्वत्र आपले खानदेशी. जळगावहून अमळनेर, नंदुरबारमार्गे उधन्याला जाणाऱ्या रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेली. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत अहिराणी कानावर पडते. नवसारी मतदारसंघातून २००९पासून सलग निवडून येणारे केंद्रीय जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. लिंबायतच्या आमदार संगीता पाटीलही याच समाजाच्या बळावर उभ्या आहेत. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. एवढ्या भाषांचे शहर करमणुकीपुरते हिंदीत एकत्र येते, यात नवल नाही.

यंत्रमागावरची पाळी बारा तासांची. गंजामचे कामगार ज्या खानावळवजा खोल्यांत राहतात त्यांना तिथे ‘मेस’ म्हणतात. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन ज्या जागेवर आडवा होतो, ती जागा दिवसपाळीचा माणूस नुकतीच सोडून गेलेला असतो. एका अंथरुणावर आळीपाळीने दोन देह. टीव्हीसमोर तासभर बसण्याची सोय या जीवनात नाही. चहाच्या टपरीवरची दहा मिनिटे आहेत, झोपेआधीची वीस आहेत आणि उशाशी फोन आहे. दीड मिनिटाचा भाग या फटींच्या मापानेच शिवलेला आहे. रत्नकलाकारांचे दिवस तर अधिकच कठीण गेले. जगातील दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या या शहरात मंदी आधीच मुक्कामाला होती. त्यात ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले. त्याआधी मे महिन्यात गुजरात सरकारला बेकार रत्नकलाकारांच्या मुलांची शाळेची फी, वर्षाला १३,५०० रुपयांपर्यंत, भरण्याची योजना जाहीर करावी लागली होती. पेढीच्या मालकाच्या देहात जागे होण्याचे स्वप्न अशा माणसाला दीड मिनिटात का पटते, हे समजण्यासाठी रसशास्त्राची गरज पडू नये.

सुरतेचा आणखी एक धडा आहे, आणि तो म्हापशाच्या किंवा मडगावच्या कापडदुकानात कोणालाही घेता येईल. तिथे ‘सेमी पैठणी’ म्हणून जी साडी मिळते, ती बहुधा सुरतेच्या यंत्रमागावरून उतरलेली असते. काठ पैठणीचा, पदरावर मोर पैठणीचा, सूत मात्र पॉलिस्टरचे. येवल्याच्या हातमागावर जे काम पुरे व्हायला आठवडे, कधी महिने लागतात, ते इथे तासांत होते. मूळ पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी नक्कल थांबलेली नाही. मायक्रोड्रामा ही कथेची सेमी पैठणी आहे. चीनमध्ये चाललेली पटकथा घ्यायची, नट बदलायचे किंवा नुसताच आवाज बदलायचा आणि इथे विकायची. कथेचाच हा परकायाप्रवेश म्हणा ना!

नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. सेमी पैठणी नेसून मुलीच्या लग्नात मिरवणाऱ्या बाईला आपण हसत नाही, हसू नये. परवडेल ते सुंदर नेसण्याचा तिला हक्क आहे, तसा दमलेल्या माणसाला थिल्लर गोष्टीचाही आहे. शेवटच्या तीन सेकंदांच्या गळाबद्दल बोलण्याचा अधिकार तर आम्हा ऑनलाइन दैनिकांच्या उपसंपादकांना मुळीच नाही. दिवसभर आम्ही मथळ्यांतून तेच करत असतो. माझी तक्रार वेगळी आहे. सेमी पैठणीवर निदान किंमत लिहिलेली असते.

त्याआधी गोष्टीकडे. परकायाप्रवेशाच्या जुन्या कथा नीट वाचल्या तर ध्यानात येते की, दुसऱ्याच्या देहात शिरणे हा त्यांतला सर्वांत किरकोळ भाग असतो. श्रावणात घरोघर वाचल्या जाणाऱ्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथात, धुंडीसुत मालूकवीने शके १७४१मध्ये म्हणजे १८१९ साली पूर्ण केलेल्या चाळीस अध्यायांच्या पोथीत, मच्छिंद्रनाथ मृत त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतात. ते एका ओवीचे काम आहे. खरी कथा पुढे. मच्छिंद्रांचा स्वतःचा देह शिवालयात गोरक्षाच्या हवाली. बारा वर्षांची बोली. राजाच्या देहात राज्य करायचे, रेवती राणीशी संसार करायचा. त्या संसारातून धर्मनाथ जन्माला येतो. आणि एके दिवशी राणीला कळते की, आपण ज्याच्याशी संसार मांडला तो आपला राजा नव्हे, मुदत सरताच तो निघून जाणार. ती काय करते? देवळात ठेवलेल्या त्या देहाचे तुकडे करविते. परतीची वाटच तोडून टाकते.

मला हा प्रसंग आपल्या साऱ्या कथासाहित्यातल्या थोर प्रेमप्रसंगांपैकी एक वाटतो. पोथी राणीला दोष देते, देवो. पण देह एकाचा, जीव दुसऱ्याचा, आणि बारा वर्षांच्या सहवासानंतर तिचा नवरा नेमका कोण, हा प्रश्न तिने शस्त्राने सोडवायला घेतला, यात जी माया आहे आणि जे क्रौर्य आहे, ते दीड मिनिटांच्या ऐंशी तुकड्यांत मावणार नाही. त्याला बारा वर्षेच लागतात, निदान बारा वर्षे गेल्याचा भास लागतो.

सातव्या शतकातले मानले जाणारे ‘भगवदज्जुकीयम्’ हे संस्कृत प्रहसन तर उघड अदलाबदलीचेच आहे. यमदूत चुकीच्या वसंतसेनेचा जीव नेतो. तिच्या निर्जीव देहात एक संन्यासी योगबळाने शिरतो. चूक दुरुस्त करायला परतलेला दूत पाहतो तो जागा भरलेली. मग तो गणिकेचा जीव संन्याशाच्या देहात घालून मोकळा होतो. ब्रह्मज्ञान सांगणारी गणिका आणि मद्य मागणारा संन्यासी! अंक एकच, म्हणजे आटोपशीरपणा हा काही मोबाईलचा शोध नाही. तरीही त्या एका अंकात दोघांना एकमेकांच्या देहाने बोलायला, चुकायला, हसू व्हायला पुरेसा अवकाश आहे. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर २०१०च्या ‘सीक्रेट गार्डन’ या कोरियन मालिकेत एक धनाढ्य दुकानमालक आणि चित्रपटांत जीवघेणी साहसदृश्ये करणारी एक तरुणी यांचे देह बदलतात. तिचे अंग किती सोसते, हे त्याला त्या अंगात राहूनच कळते, आणि प्रेम त्या कळण्यातून येते. आपल्याकडे १९९३च्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचूला बाहुलीत शिरायला क्षण पुरतो. बाहेर पडता येत नाही म्हणून उरलेला सारा चित्रपट घडतो.

साऱ्या कथांत प्रश्न परतीचा आहे, आणि दुसऱ्याच्या देहात राहण्याच्या श्रमाचा आहे. मायक्रोड्रामा नेमका तेवढाच भाग गाळतो. त्याला देहबदलाची वीज हवी, ओळख उघडी पडण्याचा धक्का हवा, मधली थप्पड हवी. पेढीचा वारस मोलकरणीच्या देहात असतो, पण तिची कंबर दुखत नाही. फरशी पुसून हाताची सालटे निघत नाहीत. महिनाअखेर येत नाही. आणि बहुतेक वेळा शेवटी असे निघते की, ती मोलकरीण मुळातच कुणा मोठ्या घराण्याची हरवलेली लेक होती. म्हणजे गरिबाच्या देहात खरोखर कोणी राहिलेच नाही. चीनच्या प्रसारण नियामकाने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘दबंग धनाढ्य मालक’ छापाच्या मालिकांची संख्या आवरण्याची सूचना केली, ती श्रीमंतीच्या या आरतीला कंटाळूनच. त्याआधी २०२२-२३च्या मोहिमेत २५,३००हून अधिक मायक्रोड्रामा तिथे काढून टाकण्यात आले होते. सेन्सॉरशाहीचे कौतुक मी करणार नाही. पण साचा तिथल्या प्रेक्षकांनाही किती लवकर जड झाला, याची ती खूण आहे.

दुसऱ्याच्या देहात राहण्याचे श्रम काय असतात, हे गोमंतकीय प्रेक्षकाला मुद्दाम सांगण्याची आवश्यकता नाही. पेडणे-डिचोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो आणि स्त्रीपार्टी करणारा नट नऊवारी नेसून, केस माळून रंगमंचावर येतो. संहिता लिहिलेली नसते. रात्रभर तो राणी असतो. तिचा रुसवा, तिचा विलाप, तिची चाल, सारे त्याला जागच्या जागी घडवावे लागते आणि पहाटे पुन्हा स्वतःच्या देहात यावे लागते. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या, दिलीप प्रभावळकरांच्या ‘दशावतार’ चित्रपटाला जी गर्दी लोटली, ती दोन तासांहून मोठ्या मराठी गोष्टीसाठी लोटली होती. आपल्याकडे मायक्रोड्रामा लिहायला कोणी बसलेच, तर त्याने चिनी पटकथेची हिंदी आवृत्ती समोर ठेवण्यापेक्षा जत्रेत रात्र काढावी. भाग छोटा असणे हा दोष नाही. भारूड छोटेच असते. पण आज या ॲपांवर मराठी येते ती मुख्यतः आवाज बदलून, आणि ज्या राज्यात २००४पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तिथल्या मराठी-कोकणी लेखकांना या नव्या बाजारात कोणी विचारलेले दिसत नाही. आपणही दार ठोठावलेले नाही, हेही खरे.

आता किमतीकडे. हा लेख लिहिण्यासाठी मी असे एक ॲप फोनवर घेतले. नवव्या भागाशी कुलूप लागले. एक रुपयात काही दिवस सर्व मालिका खुल्या, असे ठळक अक्षरांत. मुदत संपल्यावर तीन आकडी रक्कम आपोआप कापली जाईल, हे त्याखाली फिकट, बारीक अक्षरांत. रुपया देण्यासाठी यूपीआयचा पिन टाकला. तो पिन रुपयापुरता नव्हता. पुढच्या प्रत्येक कपातीलाही ती संमती होती. शिरायला दहा सेकंद लागले. बाहेर पडायचे बटण ॲपमध्ये शोधून सापडले नाही. शेवटी बँकेच्या बाजूने, यूपीआय ॲपमधून, ती संमती रद्द केली.

मला ते जमले, कारण मला ते कुठे असते हे ठाऊक होते. पांडेसऱ्यातल्या ज्या कामगाराच्या खात्यावर महिनाअखेर काहीशेच रुपये असतात, त्याला कपातीचा संदेश बहुधा इंग्रजीत येतो, तोही दिवसभरात येणाऱ्या डझनभर जाहिरातींच्या संदेशांत मिसळून. यूपीआय ऑटोपे ही सुविधा जुलै २०२०मध्ये सुरू झाली. विजेचे बिल, विम्याचा हप्ता अशा गोष्टींसाठी ती खरोखर सोयीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १५,००० रुपयांपर्यंतच्या नियमित कपातीला दरवेळी वेगळी पडताळणी लागत नाही. कपातीच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणे मात्र बंधनकारक आहे. कायद्याच्या दृष्टीने सूचना दिली की झाले. ती वाचली गेली का, कळली का, हे कोणी विचारत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसविणाऱ्या तेरा ऑनलाइन क्लृप्त्यांची नावे दिली आहेत. वर्गणीचा सापळा ही त्यांतली एक. तिच्या व्याख्येत वर्गणी रद्द करणे अवघड करून ठेवणे येते, तसेच फुकट वर्गणीसाठी आपोआप कपातीची संमती घेण्याची सक्तीही येते. शब्द ‘फुकट’ असा आहे. मग एक रुपया म्हणजे फुकट की नाही? मला वाटते, या रुपयाचा जन्म बहुधा त्याच शब्दाच्या फटीतून झाला असावा. जून २०२५मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून अशा क्लृप्त्या दूर करण्यास सांगितले. ती सूचना होती, आदेश नव्हे. अश्लील मजकुरासाठी २५ ॲपांवर सरकारने त्याच वर्षी जुलैत एका फटक्यात बंदी घातली. वयोगटानुसार वर्गवारी दाखविण्याचा नियम २०२१पासून आहे. अश्लीलता दिसली की सरकारचे हात चालतात. गरिबाच्या खात्यातून गुपचूप जाणाऱ्या तीनशे-चारशे रुपयांना तेवढी घाई लाभत नाही, कारण एकेकट्या माणसाची रक्कम तक्रार करण्याइतकी मोठी नसते. नेमक्या याच हिशेबावर हा व्यवहार उभा आहे.

उपाय अवघड नाही. पैसे भरण्याच्या पडद्यावर पहिल्या रुपयाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत आणि ग्राहकाने निवडलेल्या भाषेत, पुढच्या कपातीची रक्कम व तारीख लिहिणे सक्तीचे करावे. आणि वर्गणी जिथे घेतली त्याच पडद्यावर ती बंद करण्याचे बटण असावे. मालिका मराठीत ऐकवता येते, तर कपातीचा संदेशही मराठीत पाठवता येईल.

तोवर वाचकांनी एवढे करावे. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हा विभाग उघडून चालू संमतींची यादी पाहावी, घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवरही पाहावी. अनोळखी संमती तिथूनच रद्द होते. ॲप नुसते फोनवरून काढून टाकल्याने कपात थांबत नाही. रक्कम गेलीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्या वेळी व्यवहार क्रमांक आणि पैसे भरण्याच्या पडद्याचे छायाचित्र हाताशी असावे.